तेल पिकवणारी जीप

देश ८० टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणतो. झाशीतल्या आमच्या काकांच्या जुन्या पेट्रोल जीपने मात्र आत्मनिर्भरता साधली आहे. टाकीत पेट्रोल भरायचं, आणि पट्टीवर इंजिन ऑइलची पातळी आपोआप चढते! पट्टीला पेट्रोलचा भपकारा येतो, तो सुवास समजावा. ‘पंपाचा डायफ्राम फाटलाय, पेट्रोल चेंबरमध्ये उतरतंय,’ असं मत्सरी मिस्त्री म्हणतात. ऑइल ताकासारखं पातळ झालंय म्हणे. बुंदेलखंडात ४५ अंशांत घट्ट पितं कोण? सरकारने गाडीगणिक डायफ्राम फाडायला अनुदान द्यावं. परवा बेअरिंग गेलं. तेव्हापासून जीप पेट्रोलही पीत नाही. बचत शंभर टक्के.