निकालाआधीचा निकाल

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल मतदानाच्या रात्री अधिकृतपणे कोणीच जाहीर करत नाही. प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने आणि सवडीने मोजणी करते, आणि ही रिकामी गादी दूरचित्रवाहिन्यांनी फार पूर्वीच बळकावली आहे. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारून बांधलेला अंदाज, म्हणजे मतदानोत्तर चाचणी, आणि निवडक केंद्रांतील मोजणी यांच्या बळावर त्या एकेक राज्य उमेदवारांना बहाल करतात.

७ नोव्हेंबर २००० च्या रात्री या दानशूरपणाने कळस गाठला. फ्लोरिडाची २५ निर्वाचक मते, म्हणजे अध्यक्षाची प्रत्यक्ष निवड करणाऱ्या ५३८ प्रतिनिधींपैकी त्या राज्याचा वाटा, प्रथम अल गोर यांना देण्यात आली, तीही राज्याच्या पश्चिम टोकाला, जिथे घड्याळ एक तास मागे असते, मतदान संपलेले नसताना. सुमारे दोन तासांनी ते दान परत घेतले गेले, मध्यरात्र उलटल्यावर जॉर्ज बुश यांच्या पदरात पडले आणि पहाटे तेथूनही काढून घेण्यात आले. गोर यांनी बुश यांना फोन करून पराभव मान्य केला आणि थोड्या वेळाने पुन्हा फोन करून ती मान्यता मागे घेतली, ही वाहिन्यांकडून मिळालेली दीक्षाच म्हणावी लागेल. पुढे पाच आठवडे घोळ चालला, सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली आणि ५३७ मतांचा फरक अधिकृत ठरला; वाहिन्यांच्या बाजूने एवढे नोंदवले पाहिजे की, दोन्ही प्रमुख उमेदवारांना आळीपाळीने विजयी घोषित केल्यामुळे त्यांचा एक अंदाज अचूक निघणे अटळच होते.