ड्यूड, कडक इस्त्रीतला

पुतण्या मला 'ड्यूड' म्हणतो. सख्ख्या काकाला. हाकेबद्दल माझी तक्रार नाही. ती मारताना त्याच्या अंगावर जे असतं त्याला माझी हरकत आहे. गुडघ्याला भोक पाडून विकलेली पँट, गळा उसवलेला टीशर्ट आणि पायात माझीच स्लिपर. १८८३ सालच्या न्यूयॉर्कमध्ये या अवतारात ड्यूड लोकांनी त्याला दारातसुद्धा उभं केलं नसतं.

कारण तेव्हा ड्यूड ही टिंगल होती, पण ती करवून घ्यायलासुद्धा घरचं बख्खळ असावं लागे. त्या वर्षीच्या जानेवारीत 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात रॉबर्ट सेल हिल यांनी या नव्या प्राण्याची खिल्ली उडवणारी कविता छापली आणि बघता बघता शब्द गावभर झाला. ड्यूड म्हणजे बापाच्या जिवावर उडवणारा पोरगा. तंग विजार, मान वळवायची सोय नाही इतकी उंच कॉलर, हातात छडी, ओठांत सिगारेट आणि जीभ मात्र लंडनची. साहेबाने न्यूयॉर्क सोडून शंभर वर्षं होत आली होती, तरी उच्चार साहेबाचेच! हा आजार काही फक्त डेक्कन जिमखान्यावर होत नाही.

शब्दाचं कूळ शोधायला बॅरी पॉपिक आणि जेराल्ड कोहेन या दोघांनी जुनी वर्तमानपत्रं उपसली. 'यँकी डूडल' या गाण्यातला डूडल हाच ड्यूडचा पूर्वज, असं त्यांचं म्हणणं. गावंढळ अमेरिकनांना चिडवायला ब्रिटिश फौजेने धरलेलं ते गाणं. त्यातला डूडल टोपीत पीस खोवतो आणि स्वतःला फॅशनचा बादशहा समजतो. म्हणजे घराण्यात नखरा पहिल्यापासून.

खरा बादशहा झाला तो इव्हँडर बेरी वॉल. वर्तमानपत्रांनी त्याला 'ड्यूडांचा राजा' करून टाकलं. मग गादीवर हक्क सांगायला रॉबर्ट हिलिअर्ड नावाचा नट पुढे सरसावला. १८८८च्या मार्चमध्ये हिमवादळाने अख्खं शहर ठप्प असताना वॉलसाहेब कमरेला भिडणारे चकचकीत बूट चढवून बारमध्ये अवतरले आणि त्यांनी गादी राखली, असं सांगतात. साराटोगाला पैजेखातर न्याहारी ते जेवण एवढ्या वेळात त्यांनी चाळीस पोशाख बदलले, असाही किस्सा आहे. आमच्याकडे नवरीने तिसरा शालू नेसायला घेतला की पंगतीत पानं वाळायला लागतात.

पश्चिमेकडच्या गुराख्यांनी हा शब्द शहरातून आलेल्या प्रत्येक नवशिक्याला चिकटवला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्टही त्यातून सुटले नाहीत. डाकोटात ते गुरं पाळायला गेले ते नाकावर चष्मा, अंगात हरणाच्या कातड्याचा पोशाख आणि कमरेला चक्क टिफनी या जवाहिऱ्याकडचा सुरा अशा थाटात. जनावरं उधळली तेव्हा त्यांनी गड्यांना जो हुकूम सोडला तो मराठीत साधारण असा होईल : 'त्वरेने अग्रेसर व्हा!' गडी घोड्यावरून पडायचेच बाकी राहिले. हे वाक्य पुढे त्या मुलखात थट्टेचं होऊन बसलं. ईटन बंधूंसारख्या हुशार लोकांनी तर या नवशिक्यांना मुक्कामाला ठेवून पैसे घ्यायला सुरुवात केली. त्यातून निघालं 'ड्यूड रँच'. आपल्याकडच्या कृषी पर्यटनात शहरी पाहुण्याला पिठलं-भाकरी, बैलगाडी आणि बिल मिळतं. तिकडे घोडा मिळतो.

मग टिंगलीची हाक कधी झाली? १९३०-४०च्या सुमारास ढगळ झूट सूट घालणारी कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन-अमेरिकन पोरं एकमेकांना ड्यूड म्हणू लागली. तोवर निदान सूट तरी शाबूत होता. पुढे शब्द कॅलिफोर्नियात लाटांवर फळी घेऊन उतरणाऱ्यांच्या हाती लागला आणि चड्डीवर आला. १९९८च्या 'द बिग लेबोव्स्की' सिनेमात तर स्वतःला 'द ड्यूड' म्हणवणारा नायक अंघोळीनंतरचा गाऊन घालून दुकानात जातो. वॉलसाहेबांनी चाळीस पोशाखांत जे कमावलं, ते या गड्याने एका गाऊनात घालवलं.

२००४ साली पिट्सबर्गचे भाषाशास्त्रज्ञ स्कॉट कीसलिंग यांनी 'अमेरिकन स्पीच' या नियतकालिकात ड्यूडवर अख्खा शोधनिबंध लिहिला. तरुण पोरं हा शब्द एकमेकांत सर्वाधिक वापरतात आणि त्यात जवळीक असते, पण गळ्यात पडण्याइतकी नसते, असा त्यांचा निष्कर्ष. पुतण्याला मी हे मोठ्या उत्साहाने ऐकवलं. तो म्हणाला, "ड्यूड…" आणि पुढे काहीच बोलला नाही. या एका शब्दात 'पुरे झालं', 'भूक लागलीय' आणि 'काका, तुम्हाला दुसरं काम नाही का' हे सगळं स्वच्छ ऐकू आलं.

अर्थात आपणही काही कमी नाही. आपला 'राव' राजाच्या घरातला. बाजीराव, माधवराव अशी नावांच्या मागे झूल घालून मिरवलेला. ड्यूड टिंगलीतून दोस्तीत आला, राव शनिवारवाड्यावरून उतरला तो थेट पीएमपी बसच्या गर्दीत, आणि तिथे तो रोज ऐकतो, "जरा आत सरका की राव!"