गरजांचं दळण

हिंजवडीत माझा हुद्दा बिझनेस अ‍ॅनालिस्टचा. आईला तो समजावायला गेलो, तर ती म्हणाली, "म्हणजे निरोप्या." आम्हा अ‍ॅनालिस्टांची आंतरराष्ट्रीय संस्था २००३ साली टोरांटोत स्थापन झाली, पण इतकी आटोपशीर व्याख्या तिलाही सुचलेली नाही.

कोपऱ्यावरच्या गिरणीवाल्या काकांना अ‍ॅप करून द्यायचं मी ठरवलं. त्यांनी मागितलं नव्हतं. न मागता दिलं की त्याला आमच्यात इनोव्हेशन म्हणतात.

टोयोटावाले पाच वेळा 'का' विचारतात, मग दुखण्याचं मूळ सापडतं.

"दळण उशिरा का मिळतं?"

"लाइट नव्हती."

"का नव्हती?"

"मला काय माहीत?"

"मग चौकशी का केली नाहीत?"

काकांनी खटका दाबला. गिरणीच्या घरघरीत पुढचे 'का' त्यांना ऐकूच गेले नाहीत.

मग प्राधान्यक्रम. डाय क्लेग यांनी १९९४ साली त्याचे चार कप्पे पाडले: हवंच, असायला हवं, असलं तर बरं, यंदा नको. रांगेतल्या काकूंना बारीक हवंच, जळकं नकोच आणि आत्ता तर हवंच हवं. एका आजींनी चौथ्या कप्प्यात मलाच टाकलं.

तरी अ‍ॅप झालं. टोकन घ्या, आधी येईल त्याचं आधी दळा. चतुर्थीच्या आदल्या दिवशी टोकनानुसार माझी नाचणी पडली आणि लगेच मागून एका काकूंचे मोदकांचे तांदूळ. त्यांच्या पिठीचा रंग पाहून गणपतीनेही सोंड फिरवली असती. आधीचं थोडं पीठ गिरणीत राहतंच, म्हणून काका धान्यं एकत्र लावतात, गव्हामागे गहू, तांदळामागे तांदूळ.

"हे आधी सांगितलं नाहीत!"

"तुम्ही लिहून घेत होतात. मध्ये कसं बोलणार?"

टोयोटाचे ताइची ओनो म्हणे कारखान्यात खडूने वर्तुळ काढायचे आणि इंजिनिअरला त्यात उभं करून नुसतं बघायला लावायचे. मीही गिरणीत उभा राहिलो. भुवयांसकट पांढरा झालो, पण एक गोष्ट दिसली. येणारी प्रत्येक बाई डबा खाली ठेवायच्या आधी विचारते, "लाइट आहे ना?" जड डबा हेलपाटा मारून परत न्यायचा, हे खरं दुखणं.

मी उत्साहाने अ‍ॅपच्या पुढच्या आवृत्तीचा आराखडा मांडला. काकांनी ऐकता ऐकता व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटस टाकलं, 'लाइट आली'.

अ‍ॅपवर सध्या एकच ग्राहक आहे. टोकन पहिलं असूनही त्याची नाचणी सगळ्यात शेवटी दळली जाते.