कॅरियरला काय सोनं लागलंय?

ऐकलंत का? तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी सायकलला कॅरियर बसवला. यात काय एवढं, म्हणाल? अहो, जर्मनीचा आहे! पोकळ पोलादी नळ्या, वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास आणि पेलणार म्हणे चाळीस किलो. शिवाय त्याला 'कॅरियर' म्हटलेलं काकांना खपत नाही. 'रॅक' म्हणायचं! ज्या पुण्यात दोन दुधाच्या किटल्या, गव्हाचं पोतं आणि वर एक शेंबडं पोरगं एकाच लोखंडी कॅरियरवरून सुखरूप घरी पोचायचं, त्याच पुण्यात आता रॅकची 'लोड कपॅसिटी' विचारतात. चापात डबा अडकवला, उरलेलं जुन्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून आवळलं की झालं, हे शहाणपण गेलं कुठे?

दिवाळी सरली की सगळे ताम्हिणी उतरून किनाऱ्याकिनाऱ्यानं गोव्याला निघणार. जाईनात का! पण परत आल्यावर समुद्राबद्दल, खाडीबद्दल, निदान माशांबद्दल तरी चार शब्द? नाव नको. बोलणार बॅगांबद्दल. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर बघा एकदा. खाडीकडे पाठ करून आठ माणसं ओणवी, आणि जो तो दुसऱ्याच्या बॅगेचे हूक तपासतोय. बैलबाजारात दात तरी इतके निरखत नसतील. "किती लिटर?" "जोडी चाळीस." "आणि पुढची?" मग चेहऱ्यावर जरा हेवा, जरा कीव. शेजारी माशांची पाटी घेऊन बसलेली बाई शेवटी न राहवून विचारते, "बिऱ्हाड हलवलंत की काय?"

त्यात पुन्हा दोन पंथ. पॅनियरवाले म्हणतात, सामान चाकाच्या दोन्ही बाजूंना, जड वस्तू तळाशी. पुढच्या चाकालाही खालचा रॅक लावा, वजन आसाजवळ राहतं, हँडल भरकटत नाही. बाइकपॅकिंगवाल्यांना रॅक या शब्दाचाच विटाळ. त्यांचा संसार फ्रेमच्या त्रिकोणात, हँडलवर आणि सीटखाली पट्ट्यांनी बांधलेला. पाहिलीत का ती सीटखालची पिशवी? नीट आवळली नाही तर चढावर हत्तीच्या शेपटीसारखी डुलते, आणि तळाचा एक मोजा हवा असेल तर रस्त्यावर आख्खं दुकान मांडावं लागतं. पण बोलायची सोय नाही. शैव-वैष्णव एकवेळ एका पंगतीला बसतील, हे दोघे एका टपरीवर चहा पिणार नाहीत!

आणि चिंता तरी केवढ्या? पायडल मारताना टाच बॅगेला घासते का? फ्रेमला आटे पाडलेली भोकं आहेत का, की क्लॅम्पवर भागवायचं? बोल्ट खडखडून ढिले पडले तर? ॲल्युमिनियमचा रॅक मोडला तर सगळीकडे सांधून मिळत नाही. पोलादाचा मोडला तर कुठल्याही गावचा वेल्डर दोन टाके घालून देतो, म्हणून पोलादच घ्या, असं आता पोलादाचा धंदा नसलेले लोकसुद्धा लग्नाच्या पंगतीत सांगतात. एका बहाद्दरानं तर रंगाच्या रिकाम्या बादल्यांची पॅनियर करायला घेतली. रॅकचा नकाशा घेऊन फॅब्रिकेशनवाल्याकडे गेला, तर तो विचारतो, "खिडकीचं ग्रिल का देवघर?"

एवढं करून रॅकवर ठेवायचं काय, तर काहीच नाही! आधी चाळीस लिटरची जागा विकत घ्यायची, मग ती रिकामी ठेवायला झुरायचं. टूथब्रशची दांडी अर्धी कापायची, साबणाची वडी चौथाई करायची. स्वयंपाकघरातला वजनकाटा काय पिठासाठी राहिलाय? त्यावर चमचे, सुरी आणि पंक्चरची डबी बसून गेलेत. पोटावरचे आठ किलो मात्र बहुधा फ्रेमच्या वजनात धरतात.

१८८४ साली टॉमस स्टीव्हन्स उंच चाकाच्या सायकलीवर सॅन फ्रान्सिस्कोहून जगप्रवासाला निघाला. सामान काय? मोजे, एक जादा सदरा, तंबू आणि अंथरूण या दोन्ही कामांचा रेनकोट, आणि एक पिस्तूल! आपल्या मुंबईचे अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगारा १९२३ साली निघाले ते पृथ्वीला फेरी घालून १९२८ साली परतले. आमच्या काकांना नुसता बॅगेचा रंग ठरवायला दोन महिने लागले. पिवळा लांबून दिसतो, पण काळ्यावर चिखल दिसत नाही. आता यावर माणसानं झोपावं कसं?

वहिनींचंही ऐकून घ्या. "एवढ्यात एक साधी सायकल आली असती की हो" असं म्हणत काकांना टोमणे मारणाऱ्या त्याच. परवा गॅलरीत नळाखाली बॅग धरून बसल्या होत्या. तोंड चार वेळा गुंडाळायचं, बाजूचे चाप लावायचे, मग पाणी सोडायचं. दहा मिनिटांनी आत हात घालून म्हणाल्या, "कोरडी ठाक!" आवाज असा, की पहिलटकरणीला मुलगी झाल्याची बातमीच सांगतायत. गेल्या! वहिनीही गेल्या!

आपण मात्र असल्या नादाला लागणारे नव्हे. आपल्याकडे एक आहे, तीही सवलतीत मिळाली म्हणून. मंडईत बरी पडते. वीस लिटर, कोथिंबीर जरा वर डोकावते एवढंच. काल खाली सायकल लावली, तर दूधवाला किटल्या टेकवून थांबला. आधी हसला. मग वाकला. हूक उघडला, लावला, पुन्हा उघडला. टक्, टक्, टक्. इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "किटलीला बसंल का हो हे?"