घाटांची घराणी

भाऊबीजेला ताईकडे देवरुखला जायचं, यावर आमच्या घरात कधी मतभेद नसतात. वाद असतो तो कुंभार्लीने उतरायचं की आंब्याने, यावर. आणि तो मिटवण्याचा अधिकार माझा आहे, असं मी धरून चालतो. पुण्याहून कोकणात जाताना नकाशा बघायचा नसतो, मला विचारायचं असतं. बायको नकाशा बघते, पण फोन पदराआड धरून बघते. तेवढा मान मला पुरतो.

खरं तर सह्याद्रीने मराठी पुरुषाची मोठीच सोय करून ठेवली आहे. ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली, आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली... उत्तरेकडून दक्षिणेकडे ही नावं जो एका दमात म्हणतो, तो आमच्या नात्यात विद्वान. गाण्यात असतात तशी आमच्यात घाटांची घराणी आहेत. थोरले काका ताम्हिणीचे. कुणालाही, कोकणात कुठेही जायचं असो, काका त्याला आधी मुळशीला नेतात आणि माणगावला उतरवतात. पुढचं पुढे. मामा वरंध्याचे. वरंधा पावसाळ्यात बरेचदा वाहतुकीला बंद असतो. अशा वेळी मामा दुसरा घाट धरत नाहीत, घरी थांबतात. निष्ठा म्हणतात ती ही. सावंतवाडीचा आतेभाऊ आंबोलीचा. बाकीच्या घाटांना तो ‘चढ’ म्हणतो. भाऊजी कट्टर आंब्याचे आणि मी कुंभार्लीचा.

कुंभार्लीची बाजू मी कुठेही मांडू शकतो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. कराडला हायवे सोडायचा, पाटण, कोयनानगर, हेळवाकला चहा, आणि घाट उतरला की पोफळी. भाऊजी यावर एकच वाक्य बोलतात, “आणि चिपळूणच्या पुढे?” चिपळूणच्या पुढे संगमेश्वरपर्यंत मुंबई-गोवा महामार्ग आहे. त्याच्या चौपदरीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं, त्याच वर्षी आमचे चिरंजीव जन्मले. त्यांना आता मिशी फुटली. महामार्गाचं अजून चाललंय. हा मुद्दा आला की मी पाणी प्यायला उठतो.

यंदा भाऊजींनी थेट बायकोला फोन केला आणि आंबा ठरला. मी मोठ्या मनाने मान्य केलं, म्हणजे शिरवळपर्यंत बोललो नाही. पण पुढे खंबाटकी आला आणि माझा नाइलाज झाला. जाताना आपण घाट चढतो आणि येताना बोगद्यातून येतो, हे गाडीतल्या सर्वांना सांगितल्याशिवाय मला खंबाटकी चढताच येत नाही. आरशात बघितलं तर मागे मुलगी माझ्याबरोबर ओठ हलवत होती. एकही शब्द चुकली नाही.

कराड ओलांडलं आणि बायको आनंदाने ओरडली, “अहो, मलकापूर आलंसुद्धा!”

या क्षणाची मी वर्षभर वाट बघतो. हे कराडचं मलकापूर. आंबा घाटाला जायचं तर लागतं ते शाहूवाडी तालुक्यातलं मलकापूर, कोल्हापूर जिल्ह्यातलं. तेवढ्यात चिरंजीव म्हणाले, “बाबा, फोन तर बुलढाण्याला चला म्हणतोय.” ते तिसरं! मग मी जो सुटलो तो कोकरूड येईपर्यंत थांबलो नाही. गावांची नावं, एकाच नावाची गावं, फोनवर विसंबणाऱ्या पिढीचं भवितव्य. गाडीत कुणी हूं की चूं केलं नाही. भारावले असावेत असं मला वाटलं. आंबा घाटाच्या तिसऱ्या वळणावर मुलगी म्हणाली, “बाबा, गाडी थांबवा,” तेव्हा उलगडा झाला.

देवरुखला पोचलो. भाऊजी फाटकातच उभे. “या” नाही, “बसा” नाही. “किती तास लागले?”

“साडेसहा.”

निघाल्याला आठ तास होऊन गेले होते. पण नाश्ता, खंबाटकीतली कोंडी आणि उलटीसाठीचे थांबे मी धरत नाही. ते प्रवासात मोडत नाहीत.

आमचे आकडे चालले होते तेवढ्यात ताई मुलीला आत घेऊन गेली. तिने फडताळातून आपली प्रवासाची पिशवी काढली. आत अर्धं लिंबू मावेल एवढी डबी, आवळासुपारी, आल्याच्या वड्या आणि चौकोनी घड्या घातलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. पिशव्यांची चळत चांगली जाड होती.

“एवढ्या कशाला गं?” मी विचारलं. आणि सवयीने पुढचंही विचारलं, “तू पुण्याला येतेस ती एसटी कुठून येते? आंबा की कुंभार्ली?”

“मला काय ठाऊक?” ताई म्हणाली. “घाट लागला की मी डोळे मिटते ते कराडला उघडते.”

आईच्या आजारपणात ताई महिन्यातून दोनदा यायची. रात्रभर एसटीत बसून पहाटे स्वारगेटला उतरायची, नळावर तोंड धुवायची आणि माझ्या स्कूटरवरून थेट हॉस्पिटलमध्ये. चेहरा पांढराफटक असायचा. आईच्या काळजीने, असं आम्ही सगळे समजायचो. मी विचारायचो, “गाडी वेळेवर आली ना?” ती मान हलवायची. बोलली असती तर तिथेच ओकली असती, हे आज कळतंय. नऊ घाट पाठ असलेल्या आमच्या खानदानात तिला गाडी लागते हे एकालाही ठाऊक नव्हतं. या विद्वत्तेचा मला त्या वेळी जो राग आला, तो फराळाच्या ताटावरही गेला नाही.

जानेवारीत मुंजीसाठी ताई पुण्याला यायची आहे. एसटीने नाही, मी आणायला जाणार आहे. पुढच्या सीटवर बसेल, काच उघडी राहील आणि गाडीत भाषण होणार नाही, असं बायकोने सर्वांसमक्ष माझ्याकडून वदवून घेतलंय. प्रश्न एवढाच उरतो की वळणं कमी कुठल्या घाटात. भाऊजी आंबा म्हणतात, मी कुंभार्ली. दोघांनीही आजवर वळणं मोजलेली नाहीत. कुणी मोजली असतील तर कृपा करून कळवावं. काकांना विचारून झालंय. ते ताम्हिणी म्हणाले.