मामांचं प्र. इ.

नात्यात नसेल तर शेजारी, नाहीतर चर्चच्या तिसऱ्या बाकावर, असा एक मामा असतोच. आमचे मामा जालन्याचे. निवृत्त शिक्षक. पणजोबा बेथेलचे, म्हणजे हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर रेव्ह. नारायण शेषाद्रींनी ख्रिस्ती झालेल्यांसाठी जालन्याजवळ जे गाव वसवलं, तिथले. ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला मामा हे सांगतात. चौथ्या मिनिटापर्यंत उद्याचा बेत सांगत असतात.

बेत आखावा तर मामांनीच. खताच्या दुकानातून दिवाळीला मिळालेली डायरी, कानावर पेन्सिल. शाईनं बेत लिहायचा नाही, तो उद्धटपणा झाला. आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात ‘प्र. इ.’, म्हणजे प्रभूची इच्छा असल्यास. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातली शिकवण मामांनी पार दळणापर्यंत नेलीय. ‘मंगळवार, दळण (प्र. इ.)’. ‘वीजबिल, शेवटची तारीख (प्र. इ.)’. वीजवाले हे प्र. इ. काही मानत नाहीत, पुढच्या महिन्यात दंड लावून बिल येतं.

बेत फिसकटला की बाकीच्यांची तोंडं उतरतात. मामा मात्र खुलतात. “प्रभूची काहीतरी योजना असंल,” म्हणतात आणि बायबलमधला पौल सुरू. पौलाला बिथुनियात जायचं होतं, आत्म्यानं जाऊ दिलं नाही, म्हणून तो त्रोवसला आला, तिथून मासेदोनियाला गेला, फिलिप्पैत लुदिया भेटली. आम्हाला हे बसस्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत आणि एकदा बंद पडलेल्या लिफ्टमध्येही ऐकावं लागलंय. मामी भाजी निवडता निवडता एवढंच म्हणतात, “अन् फिलिप्पैत फटके खाल्ले, तुरुंगात पडला, ते काहून नाही सांगत?”

पौल संपला की टिळक. नारायण वामन टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य 1919 साली त्यांच्या मृत्यूनं अर्धवट राहिलं. लग्नानंतर अक्षरं शिकलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं, अखेरचा भाग मुलानं, देवदत्तांनी लिहिला. “बघा,” मामा म्हणतात, “बेत एकाचा, तडीस नेणारे दुसरेच.” मामांचे बेत तडीस नेणाऱ्या मामी तेव्हा स्वयंपाकघरात असतात.

14 ऑक्टोबर 2023, शनिवार. भाच्याचा साखरपुडा गेवराईला, प्रवासाचं खातं मामांकडे. डायरीत जालना, अंबड, वडीगोद्री, शहागड, गेवराई, पोचण्याची वेळ अकरा. त्याच दिवशी वडीगोद्रीजवळच्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांची मराठा आरक्षणाची सभा होती. अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक होतं, मामांनाही. “सभा गावात आहे, आपण रस्त्यानं चाललो,” हा त्यांचा हिशेब. वडीगोद्रीच्या अलीकडेच जीप थांबली. पुढे भगवे झेंडे लावलेल्या गाड्या, मागेही त्याच, आणि दोन्हींच्या मधोमध मांडीवर पेढ्यांचे बॉक्स घेतलेल्या मामी. मामांनी पौलाला हात घातला, तशा मामी म्हणाल्या, “पौलाला निदान रस्ता माहीत होता.”

मामा खाली उतरले. थोड्या वेळानं पाहतो तर बाभळीखाली सभेला निघालेल्या चार-पाच जणांत बसलेले, कापसाच्या भावावर बोलणं चाललेलं आणि पेढ्यांचा एक बॉक्स रिकामा. दुसरा फोडायला घेतला तेव्हा मामींनी तो काढून घेतला. साखरपुडा वेळेवर झाला, कारण मामांना ओळखून असलेला भाचा आदल्या रात्रीच गेवराई गाठून बसला होता. मामांच्या मते हीसुद्धा योजनाच. त्या दिवशी डायरीतली ओळ रबरानं खोडून मामांनी तिथं लिहिलं, ‘पेढे वाटले’.

चेष्टा पुष्कळ झाली, पण 2012-13चा दुष्काळही आम्ही पाहिलाय. जालन्यातल्या मोसंबीच्या बागा तेव्हा उभ्या वाळल्या. मामांचीही वडीगोद्रीच्या शिवारात थोडी झाडं होती. टँकरचं पाणी घालून पाहिलं, जमलं नाही. झाडं तोडायची त्या दिवशी मामा बांधावर उभे राहिले आणि पौलाचं नावसुद्धा काढलं नाही. रविवारी चर्चला गेले, भजनात पेटी वाजवली, सूर दोनदा चुकला. पुढच्या आठवड्यात डायरीत पेन्सिलीनं ओळ आली, ‘पावसाळा लागला की कापूस (प्र. इ.)’.

त्याच दुष्काळात पलीकडच्या बांधावरच्या शेतकऱ्याची बागही गेली. मामा रोज संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसायचे. चहा प्यायचे, बैलांची चौकशी करायचे, उठताना एखाद्या दिवशी मामींनी दिलेला भाकरीचा डबा ठेवून यायचे. योजनेचा शब्द तिथं कधी काढला नाही. एरवी आम्हाला कंटाळा येईपर्यंत ऐकवलेलं ते वाक्य मामा फक्त स्वतःच्या नुकसानीवर खर्च करतात. दुसऱ्याच्या दुःखावर देवाचं नाव चिकटवून मोकळे होणारे पुष्कळ पाहिलेत, मामा त्यांतले नाहीत.

तेव्हा तुमच्याकडे असा मामा असेल तर त्याला जपा. दुःखाच्या घरी जाताना बरोबर न्या. गाडीची वेळ मात्र मामीला विचारा.