योग्य दिग्दर्शकाची निवड: एक शास्त्रीय विवेचन

अभिजात अद्भुतकथेवर, म्हणजे जिच्यात लेखकाने पात्रांच्याही आधी नकाशे, वंशावळी आणि लिप्या रचून ठेवलेल्या असतात अशा कथेवर, चित्रपट कोणी काढावा याचे उत्तर प्रत्येक निष्ठावंत वाचकापाशी तयार असते. तो चारचौघांत नावे घेतो ती निव्वळ शिष्टाचार म्हणून, कारण त्या पुस्तकाचे मर्म जाणणारा एकच इसम पृथ्वीतलावर असून त्याला कॅमेरा धरता येत नाही एवढीच काय ती अडचण आहे, याबद्दल त्याची खात्री असते. प्रस्तुत लेखक याच वर्गात मोडतो, किंबहुना स्वतःला त्या वर्गाचा तहहयात अध्यक्ष समजतो.

या वर्गाकडे निवड सोपवली असती, तर टोल्किन यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी पीटर जॅक्सन यांचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाद झाला असता. विषयांतराचा दोष पत्करून त्यांची पूर्वपात्रता तपासणे येथे अगत्याचे आहे. १९८७च्या 'बॅड टेस्ट'मध्ये परग्रहवासी आपल्या खाद्यगृहांसाठी न्यूझीलंडच्या एका गावातील माणसांचे मांस गोळा करतात. १९८९च्या 'मीट द फीबल्स'मध्ये बाहुल्या नको ते सर्व करतात. आणि १९९२चा 'ब्रेनडेड' हा तर 'स्प्लॅटर', म्हणजे रक्तमांसाच्या चिखलातूनच हशा पिकवणारा भयपट, ज्यात नायक गवत कापण्याचे यंत्र पोटाशी धरून घरात शिरलेल्या प्रेतांच्या झुंडीतून वाट काढतो. हा प्रसंग सोवळ्या वाचकाने नाक मुरडत का होईना, पण नीट पाहावा, कारण इतक्या रक्तपातातही कोण कोठे उभा आहे आणि कोण कोठून येतो आहे हे क्षणभरही हरवत नाही, आणि टोल्किन यांच्या कथेतले हेल्म्स डीपचे युद्ध पडद्यावर उभे करायला नेमके हेच कसब लागले. शेवटी ही चित्रत्रयी जॅक्सन यांनीच केली आणि तिच्या तिसऱ्या भागाला २००४ साली ११ ऑस्कर मिळाली. अध्यक्षांचे मत कोणी विचारले नव्हते.

अर्थात याच जॅक्सन यांनी पुढे, नियोजित दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो २०१०मध्ये बाजूला झाल्यावर, टोल्किन यांच्याच 'हॉबिट' या एका आटोपशीर बालकादंबरीचे तीन चित्रपट केले, तेव्हा एकदा लाभलेला योग्य दिग्दर्शक जन्मभर योग्यच राहतो असेही नाही.

चेष्टा थांबते ती अर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' या अद्भुतकथामालेपाशी. त्यांचा जादूगार गेड मुद्दाम तांबूस-तपकिरी वर्णाचा आहे, आणि अद्भुतकथेतले सारे वीर गोरेच का असावेत हा प्रश्न त्या वर्णामागे आहे. २००४च्या दूरचित्रवाणी मालिकेने तो बिनदिक्कत गोरा केला आणि लेखिकेला त्याविरुद्ध जाहीरपणे लिहावे लागले. नायकाची कातडी बदलून त्याला तोच नायक म्हणणे याला रूपांतर हा शब्द फार सौम्य आहे. 'अर्थसी'वर चित्रपट करू इच्छिणाऱ्या जपानी ॲनिमेशन-दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांना ले ग्विन यांनी एकेकाळी नकार दिला होता. पुढे मियाझाकी यांचे चित्रपट पाहून त्या राजी झाल्या, तर २००६चा 'अर्थसी'वरचा चित्रपट केला तो मियाझाकी यांच्या मुलाने, गोरो यांनी, आणि तोही पहिलाच. हे काम वडिलांनीच करायला हवे होते, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. लेखिकेचीही अपेक्षा तीच होती, पण त्यामुळे या मताचे श्रेय वाटून घ्यावे लागते.